गाडी झोपते कुठे?

आमच्या ऑफिसच्या मागे एक उघडं पार्किंग आहे. सकाळची शेवटची पिकअप नऊच्या सुमाराला आत आली की रात्रपाळीच्या कॅब तिथे येऊन लागतात, त्या दुपारी चारपर्यंत हलत नाहीत. दारं सताड उघडी, पुढची सीट पार मागे पाडलेली, दाराबाहेर आलेले दोन पाय, आरशावर वाळत घातलेला पंचा. हिंजवडीतल्या काचेच्या इमारतींकडे मान वर करून बघणाऱ्याला ही जागा दिसत नाही. मी ती चौदा वर्षं बघते आहे. कुठली गाडी कुणाला किती वाजता कुठून उचलेल, हे ठरवणं माझं काम. रोस्टर, ट्रिपशीट, डेड किलोमीटर, एस्कॉर्ट, 'माझी कॅब अजून आली नाही' हे माझ्या रोजच्या तोंडातले आणि कानावरचे शब्द.

तीन वर्षांपूर्वी वरून निरोप आला, की ताफ्यातल्या निम्म्या गाड्या इलेक्ट्रिक करायच्या. त्यामागचं कारण समजण्यासारखं होतं. सेबीने शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा ठरावीक नमुन्यातला अहवाल सक्तीचा केला. मग मोठ्या कंपन्या आपल्याला काम पुरवणाऱ्यांकडेही तेच आकडे मागू लागल्या. माणसं घरून कामावर येताना किती इंधन जळतं, हाही त्या हिशेबातला एक रकाना. मला तर निरोप मनापासून पटला. संध्याकाळी सहाला वाकडच्या पुलाखाली दुचाकीवर अडकून पडलेल्या माणसाला हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

पण पहिले दोन महिने मी फक्त गाडीचाच विचार करत बसले. बॅटरी केवढी, पल्ला किती, किंमत किती जास्त. मीटिंगमध्ये सगळे तेच विचारायचे आणि मी तेवढ्याचीच उत्तरं शोधून न्यायची.

त्यातल्या पल्ल्याच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर सोपं निघालं. कागदावर प्रमाणित पल्ला ३१५ किलोमीटर असेल, तर मी रोस्टर लावताना १६० धरते. ही फसवणूक नव्हे, पल्ला ठरवणारी चाचणी वेगळ्या परिस्थितीत होते एवढंच. आमच्या गाडीत चार माणसं असतात, एप्रिल-मेमध्ये एसी सतत चालू असतो, आणि बॅटरी १५ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही असा आमचा नियम आहे. कारण रात्री तीनला एखाद्या मुलीला घेऊन निघालेली गाडी कात्रजच्या अलीकडे बंद पडणं आम्हाला परवडत नाही. २६ युनिटच्या बॅटरीतले वापरायला उरले २२. शहरात एका युनिटला सात-साडेसात किलोमीटर मिळतात. झाले १६०. वाहतूक तुंबली तर डिझेलची गाडी जागच्या जागी इंधन जाळते. इथे मोटर काहीच खात नाही, फक्त एसी खातो; आणि ब्रेक लावला की थोडी वीज परत बॅटरीत जाते. हिंजवडीच्या ट्रॅफिकला ही गाडी डिझेलपेक्षा जास्त शोभते, हे मी अनुभवाने सांगते.

आमची रात्रपाळीची गाडी चोवीस तासांत १६० ते १९० किलोमीटर पळते. म्हणजे भरलेली बॅटरी जेमतेम पुरते किंवा थोडीशी कमी पडते. पल्ला अडचणीचा नाही आणि निर्धास्त राहावं इतका मोठाही नाही. खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. ही गाडी भरायची कधी, आणि कुठे?

आमच्याकडे औशाचे एक दादा आहेत. त्यांची स्वतःची गाडी, कंपनीला 'लावलेली'. गाड्या पुरवणारा कंत्राटदार, म्हणजे व्हेंडर, मध्ये असतो, पण हप्ता दादांच्या नावावर. जुनी सीएनजीची गाडी काढून इलेक्ट्रिक घ्यायला तयार झालेल्या पहिल्या चौघांतले ते एक. मी त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला होता. सीएनजीचा भाव किलोला नव्वदच्या आसपास, किलोला बावीस किलोमीटर. शंभर किलोमीटरला चारशे रुपये. विजेवर शंभर किलोमीटरला चौदा-पंधरा युनिट, दहा रुपयांनी धरलं तरी दीडशे. दिवसाला चारशेच्या वर वाचतात. दादांनी आकडे दोनदा वाचले. 'मॅडम, पंपावरच्या लाइनीत दीड तास जातो, तो पण वाचंल की,' असं म्हणून त्यांनी सही केली.

महिन्याभराने ट्रिपशीट चाळताना दिसलं, की दादांच्या पिकअप उशिरा व्हायला लागल्या आहेत. चौदा वर्षांत त्यांच्या नावापुढे मी असं कधी पाहिलं नव्हतं. बोलावून विचारलं. ते थेरगावात दोन खोल्यांत भाड्याने राहतात, गाडी गल्लीच्या तोंडाशी लागते. घरमालक पंधरा अँपिअरचं बटण, म्हणजे चार्जिंगचा सॉकेट, बसवू देईना. मीटर सगळ्यांचं एकच, बिल कोण वाटून घेणार? म्हणून दादा पब्लिक चार्जरवर जात. तिथे युनिटला वीसच्या आसपास पडत, वर १८ टक्के जीएसटी. शंभर किलोमीटरला साडेतीनशे झाले. माझ्या कागदावरची बचत तिथेच संपली. त्यातही पुढे दोन गाड्या उभ्या असल्या, तर सीएनजीच्या रांगेतला दीड तास इथेही जायचाच. तो दीड तास ते झोपेतून काढत होते, कारण त्यांच्या चोवीस तासांत सुटा असा दुसरा वेळच नव्हता.

ज्याच्या भरवशावर मी पोरीबाळींना रात्री घरी पाठवते, त्या माणसाची झोप मी माझ्या हिशेबात कुठेच मांडली नव्हती. हे कळल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही.

आपल्याकडे विजेच्या गाड्यांचे ताफे जिथे अडखळले, तिथे मला थोड्याफार फरकाने हीच गोष्ट दिसते. एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीने २०१७ मध्ये सरकारी कार्यालयांसाठी १०,००० विजेच्या गाड्यांची निविदा काढली. टाटांची टिगोर आणि महिंद्रांची ई-व्हेरिटो या गाड्या त्यातून कार्यालयांत पोचल्या. लगेच पुढच्या वर्षी बातम्या आल्या, की अधिकारी या गाड्यांबद्दल नाखूश आहेत, एका चार्जमध्ये शंभर किलोमीटरही धड होत नाहीत. तेव्हा सगळ्यांनी बोट बॅटरीकडे दाखवलं. बॅटरी लहान होती, हे खरंच. पण साहेबांना सकाळी आणून सोडल्यावर सरकारी गाडी बहुतेक वेळ कार्यालयाच्या आवारात उभी असते. ती उभी असते तिथेच, तिच्या नेहमीच्या झाडाखाली, एक बटण असतं, तर तेवढ्या पल्ल्यातही बरंच काम झालं असतं असं मला आजही वाटतं.

याउलट आपल्या पीएमपीएमएलच्या बस बघा. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुण्यात पहिल्या इलेक्ट्रिक बस आल्या, भेकराईनगर आणि निगडी आगारांतून सुटू लागल्या. आज त्या शहराच्या अंगवळणी पडल्या आहेत. बसची बॅटरी मोठी असते, पण तेवढंच कारण नाही. बसला घर असतं. ती रात्री आगारात येते, ठरलेल्या जागी लागते, चार्जिंगचं काम बघणारी माणसं तिथे असतात, आणि ड्रायव्हर ड्यूटी संपवून आपल्या घरी जातो. बसची वीज आणि ड्रायव्हरची झोप या दोन गोष्टी तिथे एकमेकींच्या आड येत नाहीत. ऑफिसच्या कॅबला आगार नसतं. तिला ड्रायव्हरच्या घराचा पत्ता असतो, आणि त्या घरापाशी गाडी लावायला जागा मिळाली तरी बटण नसतं.

हे एकदा डोक्यात आल्यावर माझे प्रश्न बदलले. ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार्जिंग आणायचं ठरलं. त्याला वेगळा परवाना लागत नाही, आपल्या आहे त्या वीज जोडणीवर चार्जिंग करायला केंद्राच्या नियमांत मुभा आहे, फक्त मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढता येईल ती मर्यादा, पुरायला हवी. इलेक्ट्रिशियनने आल्या आल्या भारी चार्जरची यादी पुढे केली. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, ती मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. आमच्या गाड्यांच्या आत बसवलेला चार्जरच ३.३ किलोवॉटचा. घरात येते त्या साध्या विजेवर भिंतीला कितीही मोठा डबा लावा, तासाला तीन युनिटच आत जाणार. त्यापेक्षा भरभर भरायचं तर गाडीतला चार्जर टाळून थेट बॅटरीत वीज सोडणारा डीसी चार्जर लागतो, त्याची किंमत काही लाखांत, आणि तो एकटा आमच्या दहा साध्या बटणांएवढा भार खातो.

मग मी रोस्टर समोर घेऊन बसले. रात्रपाळीची गाडी साडेनऊ ते चार उभी. साडेसहा तास, तासाला तीन युनिट, जवळजवळ वीस. बॅटरीतले वापरायचे होते बावीस! राहिलेली कसर रात्री साडेअकराची ड्रॉप आणि साडेतीनची ड्रॉप यांच्या मधल्या वेळात सहज भरून निघते. आम्हाला भरभर चार्जिंगची गरजच नव्हती. दिवसा आडवं होऊन माणसाला जेवढा वेळ झोप लागते, साधारण तेवढ्याच वेळात त्याची गाडी साध्या बटणावर भरते. अडीअडचणीला म्हणून एक डीसी चार्जर घेतला, बाकी बारा साधी बटणं, वेगळं मीटर.

त्यात आणखी एक गोष्ट जुळून आली. महाराष्ट्रात मोठ्या ग्राहकांना विजेच्या दरातली वेळेनुसार सवलत पूर्वी रात्री असायची. आता ती दिवसाच्या, उन्हाच्या तासांकडे सरकली आहे, कारण सौरऊर्जा तेव्हा मुबलक असते. रात्रभर पळून दिवसा झोपणाऱ्या गाडीला याहून चांगलं काय हवं? मला याचा फार आनंद झाला, आणि तो पैशांपुरता नव्हता. 'विजेची गाडी म्हणजे चंद्रपूरचा कोळसाच जाळणार ना,' असं मला मीटिंगमध्ये अनेकदा ऐकवलं गेलं आहे. प्रश्न रास्त आहे. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं, देशातली बहुतेक वीज अजून कोळशावरच होते, आणि तिथल्या लोकांच्या छातीत जाणारी राख वाकडच्या धुरापेक्षा कमी महत्त्वाची नाही. म्हणून तर भर दुपारी, ऊन असताना गाडी भरण्याला अर्थ आहे. आमच्या छतावरचे पॅनल शनिवार-रविवार रिकाम्या ऑफिससाठी वीज करत बसायचे. आता वीकएंडच्या पाळीच्या गाड्या ती वीज घेतात.

मुंबईच्या फेऱ्या मात्र मी अजून विजेवर टाकलेल्या नाहीत. पाहुण्यांना विमानतळावरून आणायचं तर जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर. जाताना बोरघाट उतरताना बॅटरीत चार टक्के परत येतात, ड्रायव्हर लोक कौतुकाने ते दाखवतात. पण येताना तोच घाट चढायचा असतो, आणि आमच्या बॅटरीला ते झेपत नाही. विमान उशिरा आलं तर सगळंच कोलमडतं. २०२५ च्या राज्याच्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना द्रुतगती महामार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे, ऑगस्टमध्ये अटल सेतूपासून तिची सुरुवात झाली. मोठ्या बॅटरीच्या गाड्या घेणाऱ्यांना तिचा चांगला उपयोग होईल. आमच्या साइट इंजिनिअरांचंही तसंच. सकाळी रांजणगाव, दुपारी अचानक सुपे, रात्री मुक्काम कुठे ते ठरलेलं नाही. अशी गाडी उगाच विजेवर टाकू नये. ज्या गाडीचा उद्याचा दिवस आज सांगता येतो, तीच आधी बदलावी.

कराराबद्दलही सांगायला हवं, कारण यात सगळ्यात जास्त ड्रायव्हर भरडला जातो. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी पाच टक्के, परमिट लागत नाही, हिरव्या पाटीवर पिवळे आकडे लावले की भाड्याने चालते. तरीही ती सीएनजीच्या गाडीपेक्षा महाग पडते आणि तिचा हप्ता पाच वर्षांचा असतो. आमचा व्हेंडरशी करार तीन वर्षांचा होता. म्हणजे शेवटची दोन वर्षं दादांनी कुणाच्या जिवावर हप्ता भरायचा? जुनी सीएनजीची गाडी कुठेही विकली जाते, जुन्या इलेक्ट्रिक गाडीला गिऱ्हाईक काय भाव देईल हे आज कुणी छातीठोक सांगत नाही. दिल्ली-बेंगळुरूत नावाजलेल्या ब्लूस्मार्ट या इलेक्ट्रिक टॅक्सी कंपनीची सेवा एप्रिल २०२५ मध्ये थांबली. तिच्याशी संबंधित जेनसोल कंपनीने गाड्यांसाठी घेतलेलं कर्ज दुसरीकडे वळवल्याचा ठपका सेबीने अंतरिम आदेशात ठेवला होता. गाड्या धडधाकट होत्या, चार्जर होते, प्रवासीही होते. रस्त्यावर आले ते ड्रायव्हर. त्यानंतर मी अडून बसले आणि इलेक्ट्रिक गाड्यांपुरता आमचा करार पाच वर्षांचा करून घेतला. माझ्या नोकरीत मला सगळ्यात जास्त समाधान देणारी सही तीच.

तरीही दादांची झोप राहिलीच होती. बटणं ऑफिसमध्ये आली, म्हणजे गाडी साडेनऊ ते चार ऑफिसमध्ये लागणार. मग माणूस कुठे जाणार? थेरगावला जायला बस धरायची, चार तास झोपायचं, परत बस धरायची? म्हणून पुन्हा तीच सीट मागे पाडलेली, तेच दाराबाहेरचे पाय. थोडा फरक पडला होता, नाही म्हणत नाही. विजेच्या गाडीत एसी लावून बसलं तर तासाला साधारण एक युनिट जातं, तेवढं आम्ही लावू देतो. आणि सगळे जण गुडघ्याबद्दल सांगतात. दिवसभर क्लच दाबून दाबून डावा गुडघा जायचा, आता क्लचच नाही. औशाचे दादा म्हणाले, 'जिना चढताना आता कठडा धरावा लागत न्हाई.' असले फायदे कुठल्याही अहवालाच्या रकान्यात बसत नाहीत.

पार्किंगला लागूनच तळमजल्यावर एक खोली होती. मोडक्या खुर्च्या आणि जुने प्रिंटर भरलेली. तिथे आठ पलंग, चार पंखे, एक न्हाणी आणि पिण्याच्या पाण्याची सोय करावी, असा अर्ज मी दिला. चार्जरचे काही लाख एका मीटिंगमध्ये मंजूर झाले होते. पलंगांना अकरा महिने लागले. चार्जर पर्यावरणाच्या बजेटात बसतो, पलंग कशात बसवायचा हे कुणाला सांगता येईना. फॅसिलिटीवाले म्हणत ट्रान्सपोर्टचं आहे, ट्रान्सपोर्टवाली तर मीच, एचआर म्हणे ड्रायव्हर आपले कर्मचारी नाहीत, व्हेंडर म्हणे जागा तुमची. शेवटी मी उशिराच्या ट्रिपशीटचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, हे पलंग चार्जिंगच्या सामानात धरा. ते नसतील तर बटणंही नुसती भिंतीला लटकतील. आमच्या अर्जावर खरोखरच 'चार्जिंग पायाभूत सुविधा' असं लिहून पलंग आले.

मागच्या गुरुवारी दुपारी दोनच्या सुमाराला मी खाली गेले. पुण्यात गुरुवार म्हणजे महावितरणच्या दुरुस्तीचा दिवस. अकरापासून लाइट नव्हती. पंखे जनरेटरवर घेतले आहेत, पण बटणं घेतलेली नाहीत. डिझेल जाळून विजेची गाडी भरण्याला माझं मन धजत नाही. खोलीत अंधार होता, सहा जण गाढ झोपले होते. औशाचे दादा मात्र जागे होऊन बाहेर आले होते, खांद्यावर पंचा टाकून गाडीच्या स्क्रीनकडे बघत. बॅटरीचा आकडा ६१ टक्क्यांवर थांबला होता. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

'मॅडम, कात्रज होऊन जाईल. हडपसरची मला नका देऊ आज, ती सीएनजीवाल्याला द्या.'

मी तिथेच उभ्या उभ्या फोनवर रोस्टर उघडलं आणि हडपसरची ट्रिप बदलली. 'अजून दोन तास आहेत, पडा जरा,' म्हटलं. ते आत गेले.